मॅन्युअल म्हणतं १६, मग ३२ जीबी चालेल का? वाचकांचे रॅमबद्दलचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत रॅमचेच प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो आणि हे सगळे एकत्रच उरकतो. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिलीये कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न खाली असला तरी आधी ते वाचा.

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे एका ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड टॉवर डेस्कटॉप आहे. प्रोसेसर कोअर आय५-२४००, डीडीआर३ चे ४ स्लॉट आणि सध्या ८ जीबी रॅम. एसएसडी टाकल्यापासून मशीन छान चालतं पण व्हिडिओ एडिटिंग चालू असताना सोबत व्हर्च्युअल मशीन उघडलं की सगळं अडकतं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मॅक्सिमम मेमरी १६ जीबी लिहिलीये, विंडोजमध्ये कमांड देऊन बघितलं तर तिथेही मॅक्स कपॅसिटी तेवढीच येते. मला ३२ करायचीये. चालेल का? आणि काही जळणार वगैरे नाही ना?

उत्तर: चालायला हवी, आणि हे मी अंदाजाने सांगत नाहीये, कारण तुम्ही प्रोसेसरचं नाव दिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या आय५-२४०० साठी इंटेलने स्वतः ३२ जीबीची मर्यादा दिलेली आहे. मग मॅन्युअलमध्ये १६ कुठून आलं तर साधा हिशोब बघा, हा प्रोसेसर २०११ च्या सुरुवातीचा, तेव्हा साध्या डेस्कटॉपसाठी ८ जीबीची डीडीआर३ स्टिक, म्हणजे त्या पिढीच्या रॅमची पट्टी, सहज मिळतच नव्हती, मोठ्यात मोठी हाताशी होती ती ४ जीबीची, आणि स्लॉट ४, म्हणजे ४ चोक १६. कंपनीने जे लावून तपासलं तेच छापलं. छापलेलं मॅन्युअल नंतर कोण बदलत बसतंय, मोठ्या स्टिक्स आल्या तरी आकडा तोच राहिला.

आणि विंडोजमधल्या त्या कमांडचं म्हणाल तर ती काही स्लॉट मोजून, चिप तपासून उत्तर देत नाही. तिथे १६७७७२१६ असा लांबलचक आकडा येतो ना, तो केबीमध्ये असतो, म्हणजे १६ जीबीच, पण तो बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम, लिहिणाऱ्या माणसाने एका तक्त्यात भरून ठेवलेला असतो आणि विंडोज तो फक्त वाचून दाखवतं. मॅन्युअल आणि कमांड या दोन वेगळ्या साक्षी नाहीत, एकाच माणसाने दोनदा सांगितलेली गोष्ट आहे ती. कितीतरी लोक तो आकडा बघून नाद सोडतात याचं मला खरंच वाईट वाटतं, चांगली चालू मशीन अडगळीत जातात.

मग खरी मर्यादा ठरवतं कोण? मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅममध्ये माहिती ठेवणारा आणि काढणारा भाग. पूर्वी हा मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपमध्ये, असायचा, एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून तो प्रोसेसरच्या आत घेतला. म्हणून जुन्यात जुनं मशीन असेल तर चिपसेटचं नाव शोधायचं आणि त्यानंतरचं असेल तर प्रोसेसरचं. कंट्रोलरला रॅमच्या प्रत्येक चिपमधला कप्पा पत्त्याने गाठावा लागतो, ओळ अमुक, रकाना तमुक असा तो पत्ता असतो. चिपची क्षमता दुप्पट झाली की पत्त्यात एक बिट वाढतो. डीडीआर३ मध्ये ज्या ८ बिटवाल्या चिपच्या स्टिक असतात त्यांच्यात २ गिगाबिटच्या (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) चिपला ओळीसाठी १५ बिट लागतात, ४ गिगाबिटच्या चिपला १६. कंट्रोलरला तो जास्तीचा बिट माहीत असला तर सगळं दिसतं, नसला तर एक तर स्टिक अर्धीच दिसते नाहीतर मशीन चालूच होत नाही. तुमच्या कंट्रोलरला १६ बिट माहीत आहेत, म्हणून ८ जीबीची स्टिक चालते.

पण याच कारणाने ३२ च्या पुढे जायचा विचार करू नका. १६ जीबीच्या साध्या डीडीआर३ स्टिक निघाल्या होत्या, त्यात ८ गिगाबिटच्या चिप असतात, पण त्यांनी वाढीव बिट ओळीत न घेता रकान्यात घेतला, १० चे ११ झाले, आणि इंटेलच्या त्या काळातल्या डेस्कटॉप कंट्रोलरला ते झेपत नाही. मॅन्युअलच्या आकड्याला हलवता येतं, या भिंतीला नाही, बायोस बदलूनसुद्धा नाही.

जळण्याचं म्हणाल तर जास्त जीबीची रॅम लावली म्हणून काही जळत नाही. वाईटात वाईट म्हणजे स्क्रीन काळी राहते किंवा बीप वाजतात, जुनी स्टिक परत लावली की मशीन पहिल्यासारखं. नुकसान होतं ते वीज चालू असताना स्टिक ओढल्याने किंवा खाच जुळत नसताना जोर लावल्याने.

आता घ्यायची कोणती. ८ जीबीच्या ४, साध्या, म्हणजे ईसीसी (स्वतः चुका पकडणाऱ्या) नाही आणि रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच्या) तर अजिबात नाही. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड स्टिक स्वस्तात दिसतात, डीडीआर३ मध्ये त्या स्लॉटमध्ये बसतातही, पण साधा डेस्कटॉप त्यांच्यावर चालू होत नाही. स्टिकच्या लेबलवर २आरएक्स८ असं लिहिलेलं बघा, त्याचा अर्थ दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचे दोन गट, आणि प्रत्येक चिप ८ बिटची, मोजल्या तर दोन्ही बाजूंना आठ आठ अशा १६ काळ्या चिप दिसतील. १६०० स्पीडची घेतली तरी तुमचा प्रोसेसर ती १३३३ वर चालवेल, त्यात बिघडत काही नाही. चारही एकाच बनावटीच्या घ्या आणि घेण्याआधी परत घेणार का हे लेखी विचारून ठेवा, ही अट मी कधीच सोडत नाही.

लावताना एकदम चार लावायचा मोह होतो, तो टाळा. आधी बायोस शेवटच्या व्हर्जनवर न्या, जुन्या रॅमवर असतानाच. मग मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवा म्हणजे उरलेला चार्ज जातो, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि एकच नवी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये बसवा. बायोसमध्ये ८१९२ एमबी दिसले की अर्धं काम झालं, ४०९६ दिसले तर चिपचा प्रकार चुकलाय आणि तिथेच थांबून स्टिक परत करा. मग दोन, मग चार.

माझ्याकडेही ४ स्लॉटचा असाच एक टॉवर आहे, त्यावरही १६ च लिहिलेलं, आणि मी त्यात चौथी स्टिक लावली तेव्हा नुसते बीप वाजायला लागले. तासभर मी असंच धरून चाललो होतो की कंपनीचं बरोबर होतं, माझं चुकलं. मग टॉर्च घेऊन नीट बघितलं तर एका बाजूची पांढरी क्लिप खाचेत गेलीच नव्हती, स्टिक एका टोकाला केसभर वर होती. दोन्ही अंगठे दोन टोकांना ठेवून दाबली, दोन वेळा खट खट आवाज आला आणि पुढच्या बूटला ३२७६८ एमबी. ते मशीन आजही रोज चालू असतं. म्हणून सांगतो, चालली नाही की लगेच मर्यादेला दोष देऊ नका, आधी क्लिप बघा, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसा, परत लावा.

चालू झालं म्हणजे संपलं असंही नाही. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावून ठेवा, निदान ४ फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आला तरी ती रॅम ठेवायची नाही, कारण बिघडलेली रॅम तुमच्या फाइल गुपचूप खराब करते आणि ते महिन्यांनी कळतं.

प्रश्न: सर, माझं आयमॅक २०११ चं आहे. अ‍ॅपल १६ जीबी म्हणतं, मित्र म्हणतो ३२ चालतात. खरं कुणाचं?

उत्तर: मित्राचं. २०११ च्या आयमॅकमध्ये ४ स्लॉट आहेत आणि ८ जीबीच्या ४ स्टिक लावून ३२ चालतात, वरच्या उत्तरातलंच कारण इथेही आहे, प्रोसेसर त्याच पिढीचे. त्याच वर्षीच्या मॅक मिनीवर अ‍ॅपलने ८ लिहिलंय आणि १६ चालतात. फक्त एक लक्षात ठेवा, या दोन्हींत लॅपटॉपवाली छोटी स्टिक लागते, डेस्कटॉपची लांब स्टिक बसणार नाही.

प्रश्न: ताईंच्या जुन्या कॉम्प्युटरला मी ४ जीबीची अजून एक स्टिक लावून ८ केली. बायोसमध्ये ८ दिसते पण विंडोज ७ मध्ये गेलं की वापरता येण्यासारखी ३.२५ जीबीच आहे म्हणून सांगतं. मदरबोर्डची लिमिट आहे का ही?

उत्तर: नाही, बोर्डाचा यात काही दोष नाही, बायोसमध्ये ८ दिसतात तिथेच त्याचं काम झालं. तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. ३२ बिटच्या साध्या विंडोजला एकूण ४ जीबीएवढेच पत्ते वापरता येतात आणि त्यातले काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून हातात सव्वातीनच्या आसपास उरते. ६४ बिटचं विंडोज टाकलं की बाकीची दिसेल, प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना एवढं आधी बघून घ्या, आणि डेटाचा बॅकअप, कारण ३२ वरून ६४ वर जायचं तर विंडोज नव्यानेच टाकावं लागतं.

तिथेही विंडोजची आवृत्ती बघा बरं का. विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट असलं तरी ८ जीबीवर थांबतं, होम प्रीमियम १६ वर, प्रोफेशनल मात्र १९२ पर्यंत जातं. हे हार्डवेअरचं बंधन नाही, मायक्रोसॉफ्टने आवृत्त्यांमध्ये फरक ठेवायला घातलेलं आहे. विंडोज १० आणि ११ होमला १२८ जीबी चालते त्यामुळे तिथे घरच्या माणसाला अडचण येत नाही.

६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये बूटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये मॅक्सिमम मेमरीपुढे टिक आहे का ते बघा. कुणीतरी व्हिडिओ बघून ती टिक करून ठेवतं, स्पीड वाढेल म्हणून, आणि उलट रॅम अडवली जाते. ती काढायची.

प्रश्न: माझा नवव्या पिढीच्या आय७ चा डेस्कटॉप आहे, मॅन्युअलमध्ये ६४ जीबी लिहिलीये. ३२ जीबीच्या ४ स्टिक आणल्या तर स्क्रीन काळीच. जुन्या लावल्या की चालतो. आणलेल्या स्टिक वाया गेल्या का?

उत्तर: इतक्यात हताश होऊ नका. ३२ जीबीच्या साध्या डीडीआर४ स्टिकमध्ये १६ गिगाबिटच्या चिप असतात आणि त्या बाजारात आल्या तेव्हा तुमचा प्रोसेसर आधीच निघालेला होता. इंटेलने सुरुवातीला या पिढीला ६४ जीबी लिहिलं होतं आणि नंतर स्वतःच ते १२८ केलं, प्रोसेसर तोच, फक्त आकडा बदलला. म्हणजे तुमच्या कंट्रोलरला जमतं, पण बोर्डाच्या बायोसला ही नवी चिप ओळखायला शिकवावं लागतं. तेव्हा जुनी रॅम लावा, बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा शेवटचा बायोस घ्या, अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची खात्री करा, मग सेटिंग डिफॉल्टला आणून मशीन बंद करा आणि एक नवी स्टिक लावा. कंपनीने तुमच्या बोर्डासाठी तसा बायोस काढलाच नसेल तर मात्र उपाय नाही, स्टिक परत करा.

हीच गोष्ट डीडीआर५ मध्ये परत घडली. २०२३ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक आल्या आणि ज्या बोर्डांवर १२८ लिहिलं होतं त्यातल्या बऱ्याच बोर्डांना बायोस अपडेटनंतर १९२ चालायला लागली. आणि इंटेलचा छोटा एन१०० प्रोसेसर, जो मिनी डेस्कटॉपमध्ये सर्रास असतो, त्याच्या माहितीत १६ जीबी लिहिलंय पण लोक एका स्लॉटमध्ये ३२ ची स्टिक लावून रोज वापरतायत. इथे तर प्रोसेसर बनवणाऱ्याचा आकडासुद्धा शेवटचा शब्द नाही. पण अशा वेळी जबाबदारी आपली असते, स्टिक परत घेण्याची अट हातात असल्याशिवाय मी कुणाला सुचवणार नाही.

प्रश्न: ४ जीबीची डीडीआर३ फार स्वस्त मिळाली, वर "फक्त एएमडीसाठी" लिहिलेलं. माझा बोर्ड इंटेल जी४१ चिपसेटचा आहे. चालेल?

उत्तर: नाही, घेऊ नका. साध्या स्टिकवरची एक चिप एका वेळी ८ बिट देते, अशा ८ चिप मिळून ६४ बिट होतात. त्या स्वस्त स्टिकवर ४ बिटवाल्या चिप असतात, त्यामुळे एका रँकलाच १६ चिप लागतात आणि इंटेलच्या डेस्कटॉप कंट्रोलरला ही मांडणी समजत नाही. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, १६ काळे चौकोन इथेही आणि तिथेही, म्हणून फसायला होतं. मी स्वतः एकदा अशी जोडी घेऊन बसलो होतो, विक्रेत्याने काही सांगितलं नव्हतं आणि मी लेबल वाचलं नव्हतं.

तुमचा जी४१ जरा जास्तच नाजूक आहे. त्याची मर्यादा ८ जीबी, ती खरी मर्यादा आहे, चिपसेटचीच, आणि त्याला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप कळतात. म्हणजे ४ जीबीची स्टिक घेताना १६ चिपवाली २आरएक्स८ घ्यायची, ८ चिपवाली नवी ४ जीबी स्टिक त्याला चालत नाही, जरी दोन्हींवर ४ जीबी आणि तोच स्पीड लिहिलेला असला तरी.

प्रश्न: नवीन रायझन ७००० चं मशीन आहे. ३२ च्या दोन स्टिक होत्या, अजून दोन लावून १२८ केली. पहिल्यांदा पाच मिनिटं स्क्रीनच आली नाही, मी घाबरून स्विच बंद केला. आता चालू आहे पण रॅमचा स्पीड ५२०० वरून ३६०० झालाय.

उत्तर: दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत. डीडीआर५ मध्ये रॅम बदलली की बोर्ड आधी प्रत्येक स्टिकशी सिग्नल जुळवून बघतो, जास्त जीबी असली की त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीन काळी असते, त्या वेळी स्विच बंद करू नका, चहाला जाऊन या हवं तर. आणि स्पीडचं म्हणाल तर एएमडीनेच लिहून दिलंय की या प्रोसेसरला दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चार स्टिकचा भार एका कंट्रोलरवर येतो. १२८ ची खरंच गरज असेल, म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये वापर ६४ च्या पुढे जात असेल, तर ३६०० वरही तुमचं काम वेगाने होईल कारण डिस्कवर जाणं वाचेल. तेवढी लागतच नसेल तर दोन काढून ठेवा, नाहीतर गेममध्ये फरक जाणवेल.

प्रश्न: मी जुनी मशीन जमवतो. एका पेंटियम एमएमएक्सच्या बोर्डावर ४३०टीएक्स चिपसेट आहे, मॅन्युअलमध्ये २५६ एमबी चालेल लिहिलंय. ६४ च्या १२८ केल्या तर विंडोज ९५ उलट मंद झालं. रॅम खराब असेल का?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण इथे मर्यादेच्या आत राहूनही माणूस अडकतो. रॅम चांगलीच आहे. १९९७ चा हा चिपसेट २५६ एमबी पत्करतो पण बोर्डावरची कॅश मेमरी, म्हणजे रॅमपेक्षा वेगवान अशी छोटी मेमरी, त्यातल्या पहिल्या ६४ एमबीलाच लागू होते, त्यावरचा भाग कॅशशिवाय चालतो. आणि विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेतं, म्हणजे नेमका तोच मंद भाग सगळ्यात आधी. ६४ वर परत या, मशीन पूर्वीसारखं पळेल. जास्त रॅम लागणारच असेल तर आतच लेव्हल २ कॅश असलेला एएमडीचा के६-३ तुमचा बोर्ड घेतो का ते बघा, पण त्याला कमी व्होल्टेज लागतं, तेव्हा जंपरच्या (बोर्डावर व्होल्टेज वगैरे ठरवणाऱ्या छोट्या पिनांच्या) तक्त्यात ते व्होल्टेज आहे का हे पाहिल्याशिवाय प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवू नका.